आधी शब्द, मग प्रतीक, शेवटी थीम: अभिजात इंग्रजी आणि अमेरिकन साहित्य बारकाईने कसं वाचावं

अभिजात कादंबरी, नाटक किंवा कविता विश्लेषणासाठी हातात घेतली की बहुतेक वाचक पहिला प्रश्न विचारतात, 'याची थीम काय?' घोळ तिथूनच सुरू होतो. थीम आधी ठरली की पुढचं वाचन म्हणजे नुसती पुराव्यांची वेचणी होते. जुळतं ते उचललं जातं, जुळत नाही त्यावरून नजर सरकते. शेवटी हाती येतं ते कुठल्याही मार्गदर्शकात आधीच छापलेलं असतं.

क्रम उलटा ठेवा. आधी शैली बघा, म्हणजे पानावर प्रत्यक्ष कोणते शब्द आणि कशी वाक्यं आहेत ते. त्यातून परत परत वर येणाऱ्या वस्तू, रंग, जागा, हालचाली टिपा. प्रतीकं त्यांतच सापडतात. थीम, म्हणजे आशयसूत्र, सगळ्यात शेवटी लिहा. आपल्या काव्यशास्त्रातली अभिधा आणि व्यंजना ही जोडी इथे फार उपयोगी पडते: शब्द सरळ काय सांगतो ते पक्कं झाल्याशिवाय तो काय सुचवतो याकडे वळू नका.

वाचायला बसण्यापूर्वी

संहिता किमान दोनदा वाचावी लागते. पहिल्या वेळी सलग वाचा आणि पेन्सिलने समासात फक्त खुणा करा: जिथे अडखळलात, जिथे काही खटकलं, जिथे एखादा शब्द आधी येऊन गेल्यासारखा वाटला. या फेरीत अर्थ लिहू नका. लिहिलेला अर्थ पुसवत नाही आणि दुसरं वाचन त्याच्याच मागे धावतं. जाड कादंबरी अख्खी दुसऱ्यांदा वाचणं जमत नसेल, तर पहिलं प्रकरण, शेवटचं प्रकरण आणि जिथे खुणा दाट पडल्या आहेत अशी तीन-चार प्रकरणं तरी पुन्हा वाचाच.

आवृत्ती कोणती आहे ते तपासा. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण ते टाळलं तर अख्खं विश्लेषण कोसळू शकतं. एमिली डिकिन्सनच्या कवितांमधले डॅश आणि मध्येच येणारी मोठी अक्षरं १८९० मध्ये निघालेल्या पहिल्या संग्रहात संपादकांनी बरीचशी काढून टाकली होती, यमकं आणि शब्दही सारखे केले होते. मूळ हस्तलिखितांशी प्रामाणिक अशी संपूर्ण आवृत्ती १९५५ मध्ये आली. तिच्या डॅशवर लिहायचं आणि समोर जुनी आवृत्ती, असं झालं तर जे नाहीच त्यावर लिहिल्यासारखं होतं. डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'ला दोन शेवट आहेत. आपण कोणत्या शेवटाबद्दल बोलतोय ते सांगावंच लागतं.

शब्दकोश जवळ हवा, आणि तो शब्दांचे जुने अर्थ देणारा हवा. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या (१८१३) पहिल्या वाक्यात श्रीमंत अविवाहित पुरुष बायकोच्या 'वाँट'मध्ये असतो. तिथे तो शब्द इच्छेचा नाही, उणिवेचा आहे. 'त्याला बायको हवी असते' आणि 'त्याच्याकडे बायकोची उणीव असते' यांत मोठा फरक आहे. दुसऱ्या अर्थात त्या पुरुषाला स्वतःला काय वाटतं याचा प्रश्नच येत नाही, आणि ऑस्टेनचं पुढचंच वाक्य तेच सांगतं: त्याच्या भावना कुणाला ठाऊक असोत-नसोत, शेजारची कुटुंबं त्याला आपल्या मुलीची हक्काची मालमत्ता धरून चालतात. शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ' या नाटकातल्या चेटकिणींना 'विअर्ड' म्हटलंय, त्याचाही आजचा 'विचित्र' हा अर्थ नाही. तो शब्द नियतीशी जोडलेला आहे.

प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर जुन्या पुस्तकांच्या संहिता मोफत मिळतात आणि त्यांत शब्द शोधता येतो. 'हँड' किंवा 'फॉग' किती ठिकाणी आलाय हे काही सेकंदांत कळतं. मात्र शोध फक्त तोच शब्द देतो. रक्ताचा उल्लेख 'लाल', 'डाग', 'चिकट' अशा शब्दांतून झाला असेल तर तो हाती लागत नाही. म्हणून शोध वाचनानंतर घ्या, वाचनाऐवजी नको.

एक तुकडा अगदी जवळून

विश्लेषणाचं खरं काम आठ-दहा ओळींच्या तुकड्यावर होतं. 'मॅकबेथ'च्या दुसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश घेऊ. मॅकबेथने डंकन राजाचा खून नुकताच केलाय. त्याची बायको लेडी मॅकबेथ खंजीर परत ठेवायला आत गेली आहे, दारावर थाप पडते आहे, आणि मॅकबेथ एकटाच स्वतःचे हात पाहतो. तो विचारतो, समुद्रदेव नेपच्यूनचा सगळा महासागर तरी हे रक्त माझ्या हातावरून धुऊन टाकेल का? नाही, उलट हा हातच अगणित समुद्रांना लाल करून सोडील, हिरव्याचं लाल करील.

पहिली पायरी म्हणजे परिस्थिती: कोण बोलतंय, कुणाशी, आत्ता काय घडलंय. ती वर झाली. दुसरी पायरी म्हणजे शब्दांचं कूळ पाहणं. समुद्र लाल करण्याच्या ओळीत शेक्सपिअर दोन भलेमोठे लॅटिन कुळातले शब्द ठेवतो: 'मल्टिट्यूडिनस' आणि 'इन्कार्नडाइन'. एक पाच अवयवांचा (म्हणजे उच्चारातल्या तुकड्यांचा), दुसरा चार. त्या ओळीत त्यांच्याखेरीज उरतात फक्त दोन इवले शब्द. लगेच पुढच्या ओळीत तीच गोष्ट साध्या, जुन्या इंग्रजी शब्दांत येते: हिरव्याचं लाल. मराठीत एखाद्याने लांबलचक तत्सम समास उच्चारावा आणि पुढच्या श्वासात घरगुती शब्दांत तेच सांगावं, तसं.

तिसरी पायरी म्हणजे 'मग काय?' हा प्रश्न. नुसतं 'लेखकाने लॅटिन शब्द वापरले' हे निरीक्षण झालं, विश्लेषण नव्हे. इथे असं म्हणता येतं: मोठ्या शब्दांत कृत्य अजून भव्य आणि दूर राहतं, साधे शब्द आले की ते उघड्या डोळ्यांपुढे येतं. मॅकबेथला आपण काय केलंय ते त्या दोन ओळींच्या अंतरात कळतं. हे विधान कुणाला पटेल, कुणाला नाही. पण ते शब्दांवर उभं आहे, त्यामुळे त्यावर वाद घालता येतो.

आता लेडी मॅकबेथ परत येते. तिचे हातही लाल आहेत. ती म्हणते, थोडंसं पाणी आपल्याला या कृत्यातून मोकळं करील, मग किती सोपं! महासागराला थोडंसं पाणी हे उत्तर. यातला 'लिटल' हा शब्द वहीत लिहून ठेवा.

पाचव्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात ती झोपेत चालते आणि हात चोळत राहते. दासी सांगते की ती असं पाव तासभर करते. मग ती म्हणते, अरबस्तानातली सगळी अत्तरंही या चिमुकल्या हाताला सुगंधी करू शकणार नाहीत. 'चिमुकल्या'साठी मूळ शब्द पुन्हा तोच, 'लिटल'. ज्या शब्दाने तिने गुन्हा लहान करून टाकला होता, तो आता तिच्या हाताला येऊन चिकटलाय, आणि मॅकबेथचा महासागर अत्तराच्या रूपात तिच्या तोंडी आलाय. शिवाय इतरत्र तिचं स्वतःचं बोलणं पद्यात असतं, इथे ते गद्यात आहे. जुनी वाक्यं तुकड्या-तुकड्यांनी, क्रम सोडून बाहेर पडतात. मात्र 'गद्य म्हणजे वेड' असं सूत्र बनवू नका. याच प्रवेशात वैद्य आणि दासीही बहुतेक गद्यातच बोलतात. तिच्या बाबतीत महत्त्व आहे ते बदलाला.

प्रतीक ओळखायचं कसं

प्रत्येक वस्तू प्रतीक नसते. पडदा निळा असेल तर बऱ्याचदा तो फक्त निळाच असतो. आमची कसोटी अशी: गोष्ट किमान तीनदा यावी, मोक्याच्या जागी यावी, पात्रांनी तिची दखल घ्यावी, आणि दर वेळी तिच्या अर्थात काही भर किंवा बदल व्हावा. शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची. बदल नसेल तर ती नुसती पुनरावृत्ती आहे. तीही टिपण्यासारखी असते, पण तिच्यावर निबंध उभा राहत नाही.

वहीत चार रकाने आखा: जागा, मूळ शब्द, कोणाच्या तोंडी, तिथे त्याची किंमत काय. 'मॅकबेथ'मधल्या रक्तासाठी पहिली नोंद पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशातली पडते. जखमी शिपाई रक्तबंबाळ येतो आणि मॅकबेथच्या तलवारीचं कौतुक करतो. इथे रक्त म्हणजे शौर्य. दुसऱ्या अंकात ते न धुतला जाणारा डाग होतं. तिसऱ्या अंकाच्या चौथ्या प्रवेशात मॅकबेथ म्हणतो की मी रक्तात इतका आत आलोय की मागे फिरणं पुढे जाण्याइतकंच कंटाळवाणं आहे. तिथे रक्त नदीसारखं झालंय, आणि भीतीच्या जागी कंटाळा आलाय. पाचव्या अंकात उरतो वास. चारही नोंदी एकाखाली एक वाचल्या की 'रक्त हे अपराधाचं प्रतीक' हे वाक्य किती अपुरं आहे ते आपोआप दिसतं.

रंगांचे ठरलेले अर्थ सांगणाऱ्या याद्या मात्र बाजूला ठेवा. हिरवा म्हणजे आशा, हिरवा म्हणजे मत्सर, असं पाठ करून फिट्झजेराल्डच्या 'द ग्रेट गॅट्सबी'कडे (१९२५) गेलं तर हिरव्या दिव्याचं मर्म हातून निसटतं. पहिल्या प्रकरणाच्या शेवटी गॅट्सबी अंधारात त्या दिव्याकडे हात पसरतो; तो दिवा पाण्यापलीकडे, त्याची जुनी प्रेयसी डेझी हिच्या घराच्या धक्क्यावर आहे. पाचव्या प्रकरणात डेझी प्रत्यक्ष शेजारी उभी असताना तो तिला त्या दिव्याबद्दल सांगतो. धुक्यामुळे पलीकडचा किनारा दिसत नसतो, आणि निवेदक निक नोंदवतो की गॅट्सबीजवळच्या मंतरलेल्या वस्तूंमधली एक कमी झाली. शेवटच्या, नवव्या प्रकरणात तो दिवा एकट्या गॅट्सबीचा राहत नाही, 'आपल्या' सगळ्यांचा होतो. म्हणजे त्या दिव्याची ताकद त्याच्या रंगात कमी आणि अंतरात जास्त आहे. अंतर मिटलं की तो नुसता धक्क्यावरचा दिवा उरतो.

हॉथॉर्नच्या 'द स्कार्लेट लेटर'मध्ये (१८५०) तर अर्थबदल लेखकच उघडपणे दाखवतो. नायिका हेस्टरच्या छातीवरचं 'ए' हे अक्षर व्यभिचाराची शिक्षा म्हणून येतं. तेराव्या प्रकरणापर्यंत गावातले काही जण त्याचा अर्थ 'एबल', म्हणजे 'समर्थ', असा लावू लागतात.

प्रतीक कसं वाचावं याचा सगळ्यात चांगला धडा एका कादंबरीतच आहे, असं आम्हाला वाटतं. मेल्व्हिलच्या 'मोबी-डिक'मध्ये (१८५१) कप्तान एहॅबने डोलकाठीला ठोकलेलं सोन्याचं नाणं नव्याण्णवाव्या प्रकरणात जहाजावरचा एकेक जण येऊन पाहतो. एहॅबला बुरूज, ज्वालामुखी, कोंबडा या सगळ्यांत स्वतःच दिसतो. स्टारबकला तीन शिखरांत ईश्वराचं त्रिरूप दिसतं. फ्लास्कला दिसतात सोळा डॉलर, दोन सेंटला एक या भावाने ९६० सिगार. पिप हा पोरगा फक्त क्रियापद चालवतो: मी पाहतो, तू पाहतोस, तो पाहतो. नाणं एकच आहे, वाचन ज्याचं त्याचं. तरी मेल्व्हिल नाण्यावर काय कोरलंय ते आधी नीट सांगतो, आणि कुणीही नाण्यावर नसलेली गोष्ट पाहत नाही. अर्थ अनेक असू शकतात, पण कुठलाही चालत नाही.

जाता जाता, फ्लास्कचा हिशेब चुकलाय. सोळा डॉलरला दोन सेंटचे सिगार ८०० येतात. चूक त्या पात्राची की लेखकाची, हे संहिता सांगत नाही. अशा ठिकाणी चूक नोंदवावी, दोन्ही शक्यता लिहाव्यात, आणि तिच्यावर मोठा निष्कर्ष रचू नये.

शैली मोजता येते

'ओघवती शैली', 'प्रभावी भाषा' अशी विशेषणं कुणाहीबद्दल लिहिता येतात, म्हणून ती निरुपयोगी आहेत. त्याऐवजी मोजा. सलग दहा वाक्यं घ्या, प्रत्येकातले शब्द मोजा, मुख्य क्रियापदाखाली रेघ मारा, जोडणारे शब्द गोल करा. मग नेहमीपेक्षा वेगळं काय आहे ते दिसू लागतं.

डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'ची (१८५२-५३) सुरुवात अशी तपासून बघा. पहिलं वाक्य एका शब्दाचं, 'लंडन.' मग चिखल, मग धुकं, नदीच्या वर धुकं, नदीच्या खाली धुकं. पहिल्या तीन परिच्छेदांत मुख्य क्रियापद जवळजवळ नाहीच. आहेत ती लटकती कृदंतं, म्हणजे क्रियापदापासून बनलेली पण वाक्य पूर्ण न करणारी रूपं. सगळं चाललेलं आहे पण काहीच पूर्ण होत नाही. आणि त्या धुक्याच्या मधोमध चान्सरी न्यायालय बसलंय, जिथे जार्नडाइसचा वारसाखटला पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळतोय. व्याकरण जे करतंय तेच न्यायालय करतंय. शैलीतून थीमकडे जाणारी वाट इतकी स्पष्ट क्वचितच सापडते. नवशिक्यांनी सरावाला हाच उतारा घ्यावा.

हेमिंग्वेच्या 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स' (१९२७) या कथेत उलट गोष्ट मोजायची आहे: काय लिहिलेलं नाही ते. स्पेनमधल्या एका स्टेशनवर एक अमेरिकन पुरुष आणि एक तरुणी गाडीची वाट पाहत बसलेत, चाळीस मिनिटं आहेत. विषय गर्भपाताचा आहे आणि तो शब्द कथेत एकदाही येत नाही. मात्र 'सोपं' हा शब्द पुरुषाच्या तोंडी पुन्हा पुन्हा येतो. तरुणी टेकड्यांना पांढऱ्या हत्तींची उपमा देते, आणि थोड्या वेळाने ती मागे घेते, त्या तशा काही दिसत नाहीत म्हणते. नको असलेलं, पोसावं लागणारं ओझं हा पांढऱ्या हत्तीचा अर्थ मराठीतही तसाच आहे, त्यामुळे उपमा का दिली ते पटकन कळतं. वाचकाने थांबायला हवं ते ती मागे का घेतली यापाशी. शेवटी ती 'प्लीज' हा शब्द एका वाक्यात सलग सात वेळा उच्चारते, त्याला बोलणं थांबवायला सांगताना. एवढ्या काटकसरी कथेत सात वेळा तोच शब्द म्हणजे किंकाळीच आहे.

निवेदकाला लेखक समजण्याची चूक शैली तपासतानाच पकडली जाते. मार्क ट्वेनचा हक फिन एकतिसाव्या प्रकरणात जिम या पळालेल्या गुलामाला पकडून देणारं पत्र फाडतो आणि आपण आता नरकात जाणार असं ठरवून टाकतो. हकला ते पाप वाटतं. वाचकाला ते त्याचं सर्वांत उजळ कृत्य दिसतं. ट्वेन त्या दोहोंमधल्या फटीत उभा आहे.

थीम वाक्यात लिहा

'महत्त्वाकांक्षा' ही थीम नाही, तो विषय आहे. थीम म्हणजे त्या विषयाबद्दल ही कलाकृती काय म्हणते, ते सांगणारं पूर्ण वाक्य. त्यात पात्रांची नावं नसावीत, 'करावं-करू नये' असा उपदेश नसावा, आणि कुणीतरी त्याच्याशी असहमत होऊ शकावं. 'महत्त्वाकांक्षा वाईट' यात नावं नाहीत, पण तो उपदेशच आहे आणि त्याच्याशी फारसं कुणी असहमत होणार नाही.

वहीतल्या नोंदींवरून असं वाक्य निघतं: 'जो आपल्या कृत्याला आधी घाबरतो तो हळूहळू बधिर होतो, आणि जो ते सोपं समजतो त्याच्याकडे ते उशिरा, पण सोसवणार नाही अशा रूपात परत येतं.' यात मॅकबेथही बसतो, कारण पाचव्या अंकात तो भीतीची चव जवळजवळ विसरलो असं म्हणतो. लेडी मॅकबेथही बसते. दोघांचे रस्ते एकमेकांना छेदतात. वाक्य फक्त एकाच पात्राला लागू पडलं असतं तर ते अजून कच्चं समजायचं.

शेवटच्या ओळीवरून थीम काढू नका. फ्रॉस्टच्या 'द रोड नॉट टेकन'च्या शेवटावरून ती वेगळी वाट चोखाळण्याची कविता ठरवली जाते. पण वीस ओळींच्या त्या कवितेत नवव्या ते बाराव्या ओळींत स्पष्ट म्हटलंय की दोन्ही वाटा जवळपास सारख्याच मळलेल्या होत्या. शेवटचा दावा 'मी पुढे कधीतरी असं सांगेन' या भविष्यकाळात येतो. कवितेचा खरा विषय, आमच्या मते, निवडीला मागाहून अर्थ चिकटवण्याची माणसाची सवय हा आहे.

लिहिताना

एका परिच्छेदात एकच मुद्दा. आधी विधान, मग अवतरण, तेही दोन ओळींपेक्षा लांब नको, मग त्यातला नेमका शब्द उचलून तीन-चार वाक्यांत स्पष्टीकरण. अवतरणाच्या ओळी तुमच्या ओळींपेक्षा जास्त झाल्या तर परिच्छेद फसला. कथानक सांगण्यात निबंधाच्या दहाव्या भागाहून जास्त जागा घालवू नका. 'लेखकाला असं म्हणायचं आहे' हे शब्द दिसले की खोडा आणि 'या ओळीत हा शब्द असं करतो' असं लिहून बघा. बऱ्याचदा तेव्हाच कळतं की आपल्याजवळ शब्द नव्हताच, फक्त मत होतं.

पूर्ण झालं की विरोधी पुरावा शोधा. 'मॅकबेथ'पुरतं सांगायचं तर नाटकाचं अगदी शेवटचं भाषण उघडा. नवा राजा माल्कम मॅकबेथला खाटीक म्हणतो, त्याच्या राणीला राक्षसी म्हणतो, आणि सांगतो की तिने स्वतःच्याच हिंसक हातांनी जीव दिला असं म्हणतात. 'हात' पुन्हा आलाय, तोही अशा माणसाच्या तोंडी ज्याने झोपेत चोळला जाणारा तो चिमुकला हात पाहिलेला नाही. ही नोंद रकान्यात भरा आणि वरचं थीमचं वाक्य पुन्हा वाचा. त्यात ज्याने कृत्य केलं त्याला काय सोसावं लागतं एवढंच आहे. बाहेरून पाहणाऱ्यांना त्यातलं किती थोडं दिसतं हे अजून आलेलं नाही. वाक्य तिथे दुरुस्त करायला हवं.